हात आणि कारण : जुन्नर-आंबेगावातील विज्ञान-शिबिरांची पूर्वपीठिका

विज्ञान-प्रशिक्षणाच्या शिबिरांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा अहवालाच्या भाषेत असते. किती शिक्षक आले, किती गटप्रमुख आले, किती प्रयोग झाले, समारोपाला पाहुणे कोण होते. या लेखनात इतिहास नसतो. जणू विज्ञान ही काल-परवा शहरातून मोटारीने आलेली वस्तू आहे आणि खेड्यातल्या माणसाने ती ओंजळ पुढे करून घ्यायची आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मी शिक्षक म्हणून वावरलो. अशा शिबिरांत आधी प्रशिक्षणार्थी म्हणून बसलो, पुढे साधनव्यक्ती म्हणून उभा राहिलो. त्यातून माझी एक धारणा पक्की झाली. खेड्यात विज्ञान नेण्याचा प्रश्न दुय्यम आहे. खेड्यातल्या कष्टकऱ्याच्या हातात जे ज्ञान होते, त्याच्यापासून त्याचे ‘कारण’ कोणी तोडले, हा मुख्य प्रश्न आहे. ही तोड जातीने केली. शिबिराचे काम ती सांधण्याचे आहे. जे शिबिर हे काम करत नाही ते जादूचे प्रयोग दाखवणाऱ्याच्या खेळापेक्षा फारसे वेगळे नाही.

ही केवळ एका दलित शिक्षकाची तक्रार नव्हे. प्रफुल्लचंद्र राय हे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला आणि त्याचा पहिला खंड १९०२ साली प्रसिद्ध झाला. धातू, औषधे, क्षार, रंग यांची एवढी जाण असलेल्या देशात चिकित्सक वृत्ती का मावळली, असा प्रश्न त्यांनी केला. उत्तर देताना त्यांनी जातिव्यवस्थेकडे बोट दाखवले. कलाकौशल्ये खालच्या जातींकडे लोटली गेली, बुद्धीवर जगणाऱ्या वर्गाने हाताच्या कामातून अंग काढून घेतले, आणि मग घडणाऱ्या गोष्टींचे ‘कसे’ व ‘का’ शोधण्याची सवयच समाजातून गेली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या शास्त्रज्ञाने हे लिहिले आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

हा निष्कर्ष पडताळून पाहायला जुन्नरइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा, मानमोडी या डोंगरांत कोरलेली बौद्ध लेणी पाहायला शाळांच्या सहली जातात. मुले खांब मोजतात, डबा खातात आणि परत येतात. तिथल्या शिलालेखांत काय आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याचे म्हटले आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूचे काम करणारे ‘वंसकार’ आणि काशाची भांडी घडवणारे ‘कासकार’ यांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवल्याचा आणि तिचे मासिक उत्पन्न किती ते ठरवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी जुन्नरला बांबू विणणाऱ्यांची संघटना लोकांच्या ठेवी सांभाळत होती. विहाराला त्यांचा पैसा विटाळत नव्हता.

आज बांबूचे काम करणारा बुरूड समाज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. त्या श्रेणीतील कारागीर आणि आजचे बुरूड एकाच रक्ताचे, असे मला म्हणायचे नाही, तसा पुरावाही नाही. पण काम तेच, तालुका तोच, आणि प्रतिष्ठा मात्र तळाला गेलेली. मधल्या शतकांत बांबू बदलला नाही. बदलला तो माणसाकडे पाहण्याचा समाजाचा डोळा.

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातील सातवाहनांच्या गुंफेतही एक मोठा धडा कोरलेला आहे. राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा तो लेख यज्ञांची आणि त्यांत वाटलेल्या दक्षिणेची यादी देतो. गायी, घोडे, कार्षापण यांच्या संख्या तिथे अंकांत दिल्या आहेत. भारतातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. त्या पद्धतीत शून्य नाही, स्थानमूल्य नाही. दहासाठी, शंभरासाठी, हजारासाठी वेगळी चिन्हे आहेत. गणिताचा शिक्षक त्यावर चार तास आनंदाने शिकवू शकेल. पण इतिहासाच्या शिक्षकाने पाचवा तास घेतला पाहिजे. हे अंक कशाची मोजदाद करतात? पुरोहितांना मिळालेल्या धनाची. ज्या हातांनी तो कातळ फोडला, त्या पाथरवटांची मजुरी त्या भिंतीवर नाही. मोजण्याची विद्या होती. काय मोजायचे हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याकडे होता. आमच्या विज्ञान-शिबिरात मी ‘मापन’ हा विषय याच दाखल्याने सुरू करतो.

लेण्यांच्या काळातून पुढे येऊ. जुन्नर हे कागदाचे गाव होते. ‘जुन्नरी कागद’ हा शब्द जुन्या दप्तरांच्या अभ्यासकांना परिचित आहे. तो कागद बनवणारे कागदी मुसलमान कारागीर होते. जुने ताग, दोर, चिंध्या भिजवून-कुटून लगदा करायचा, जाळीवर एकसारखा थर उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. खळ का लावायची? न लावली तर शाई पसरते. तंतूंमधल्या बारीक वाटा खळीने बुजतात. हे कागद्याच्या हाताला ठाऊक होते. त्याच्या मुलाला मात्र त्याच कागदावरचे पुस्तक वाचायला मिळेल याची हमी नव्हती.

आता याच डोंगरांतला हिरडा घ्या. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातले महादेव कोळी, ठाकर हे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करतात. कोवळे फळ वाळले की बाळहिरडा होतो आणि तो व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. हिरड्यात टॅनिन असते. टॅनिन कातड्यातील प्रथिनांना घट्ट बांधते, म्हणून कमावलेले कातडे कुजत नाही. आधी चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढायचे, मग हिरडा, बाभळीची साल यांच्या पाण्यात मुरवायचे, ही सारी रीत ढोर समाजाच्या हातात होती. हिरडा चावला की तोंड आवळून येते, त्याचेही कारण तेच. तो लाळेतील प्रथिने धरतो. आणि हिरड्याच्या पाण्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, टाकला की पाणी काळेभोर होते. ही शाई. सगळ्याच पोथ्या या शाईने लिहिल्या असे नव्हे. काजळ आणि डिंकाची शाई अधिक वापरात होती. पण हिरड्याची शाईही होती.

जरा एकत्र ठेवून पाहा. शाईचे फळ आदिवासीने वेचले, कागद कागद्याने केला, पखाल-वहाणेचे कातडे ढोराने कमावले, मेलेले जनावर महाराने ओढले. रसायनशास्त्राची सगळी प्रयोगशाळा वेशीच्या बाहेर होती. आत होते ते फक्त अक्षर. ज्यांनी शाई दिली त्यांना अक्षर नाकारले, आणि ज्यांच्याजवळ अक्षर होते त्यांनी शाई काळी का होते हे विचारले नाही. दोन्हीकडून नुकसान झाले. मात्र एका बाजूचे नुकसान बौद्धिक होते, दुसऱ्या बाजूचे माणूसपणाचे होते. ही दोन नुकसाने सारखी मानू नयेत.

ही तोड प्रथम ओळखली आणि ती सांधण्याचा कार्यक्रम मांडला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला त्यांनी जे निवेदन दिले, ते शिक्षक-प्रशिक्षणाच्या दृष्टीने आपण पुरेसे वाचलेले नाही. प्राथमिक शाळेत वाचन, हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे साधे धडे असावेत, असे ते म्हणतात. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, कारण ते मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा त्यांना कळतील. प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे शिक्षक त्यांना हवे होते. शिक्षकांच्या प्रशिक्षणातही नेहमीच्या विषयांबरोबर शेती आणि आरोग्य यांचा समावेश असावा, ही मागणी त्यांनी केली. विज्ञान-शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा हा आराखडा १८८२ सालचा आहे. पुढच्या वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येही शेतकऱ्याच्या दैन्याचे वर्णन करून ते थांबत नाहीत. बंधारे, जनावरांची पैदास, शेतीचे शिक्षण असे उपाय ते सांगतात.

जोतीरावांचा हा विचार पुण्यातच राहिला नाही. जुन्नर तालुका सत्यशोधक चळवळीचा एक बालेकिल्ला होता. १८८० च्या दशकात ओतूर-जुन्नर भागात भटजीविना लग्ने लागली. ग्रामजोशाने दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात दावा लावला. ‘मी विधी केला नाही तरी माझी दक्षिणा मला मिळाली पाहिजे’ असा तो दावा होता. त्याला शेतकऱ्यांनी उत्तर दिले. मला यात विज्ञानाचा इतिहास दिसतो. मुहूर्त न पाहता, मंत्र न म्हणता लग्न लावले तर काय होते, हे त्या माणसांनी करून पाहिले. संसार झाले, मुले झाली, पीकपाणी पूर्वीसारखेच आले. एखादे गृहीत धरलेले कारण काढून टाकायचे आणि परिणाम बदलतो का ते पाहायचे, यालाच प्रयोग म्हणतात. कोणत्याही प्रयोगशाळेत झाला नाही एवढा धाडसी प्रयोग ओतूरच्या मांडवात झाला.

बाबासाहेबांच्या जीवनात तर फळा आणि पाणी या दोन्ही गोष्टी येतात. शाळेत नळाला हात लावण्याची मुभा नव्हती, शिपाई असला तर पाणी मिळे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. हायस्कुलात गणित सोडवायला ते फळ्याकडे निघाले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून मुले ते उचलायला धावली, असे त्यांच्या चरित्रात येते. प्रमेय सिद्ध करायला निघालेला विद्यार्थी आणि डबे वाचवायला धावणारा वर्ग. भारतातील विज्ञानशिक्षणाचे याहून नेमके चित्र मला ठाऊक नाही.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ केले. आजच्या कोणत्याही शाळकरी मुलाला विचारा, पाणी कशाने दूषित झाले? पण १९२७ साली हा प्रश्न विचारण्याला चळवळ लागली, आणि तळ्यावरचा हक्क कोर्टात कायम व्हायला १९३७ साल उजाडले. पुढे बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे. १९५० साली औरंगाबादला उभ्या राहिलेल्या महाविद्यालयानेही, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, मराठवाड्यातल्या आपल्या मुलांना प्रयोगशाळेचा दरवाजा उघडून दिला. परीक्षानळी हाती धरण्याचा हक्क हा तळ्याच्या हक्काचाच पुढचा टप्पा होता.

इथे एका गोष्टीविषयी सावध राहिले पाहिजे. ‘हाताने काम करत शिका’ हा उपदेश आपल्याला अनेकदा ऐकवला जातो. १९३७ च्या वर्धा योजनेत हस्तोद्योग हे शिक्षणाचे केंद्र मानले गेले. ज्या वर्गाने पिढ्यान्‌पिढ्या हाताला माती लावली नाही त्याला हा उपदेश औषधासारखा आहे. पण ज्याच्या पिढ्याच हातावर गेल्या, त्याला फक्त हातच परत दिला तर ते शिक्षण नव्हे, वतन होते. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळांचे तास कमी केले. उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, ही त्यामागची कल्पना होती. पेरियार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला जातीचा धंदा शिकवणारी योजना म्हटले आणि रान उठवले. १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. तेव्हा विज्ञान-शिबिरात बांबूची खेळणी करा, चामड्याच्या वस्तू करा, एवढेच असेल तर मी हात वर करून विचारतो, यातले कारण कुठे आहे? बांबू वाकतो पण मोडत नाही, त्याचे कारण सांगा. हाताला कारण द्या. एरवी आमचे हात आम्हाला नवे नाहीत.

या पार्श्वभूमीवर गेल्या अर्धशतकातील प्रयत्नांकडे पाहू. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. सरकारी शिक्षकांनी आधी स्वतः प्रयोग करायचे आणि मगच शिकवायचे, ही त्याची रीत होती. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. तेथे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतर मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. ही मुले विज्ञानात मागे का पडतात, याचा शोध घेताना त्यांना मोठा अडसर आढळला तो पुस्तकी भाषेचा. तो दूर करताच मुलांची कामगिरी सुधारली. ‘यांच्यात मुळातच कुवत नाही’ असे पुटपुटणाऱ्यांना हे शास्त्रीय उत्तर होते. आपल्या चळवळीने त्याचा पुरेसा गवगवा केला नाही.

१९८० साली लोकविज्ञान संघटना उभी राहिली. १९८७ च्या भारत जन विज्ञान जथ्याने देशभर गाणी, नाटके, पोस्टर यांतून विज्ञान चौकात आणले. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेने चित्रा नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली जिल्ह्यातील खेड्यांत, दिवसा राबणाऱ्या मुलामुलींसाठी, अनौपचारिक वर्गांचे काम केले. आणि आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, पाबळला, १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेले शास्त्रज्ञ. मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून ते अवर्षणग्रस्त गावात आले. शाळा सुटलेल्या मुलांना तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, आरोग्यतपासणी असे काम शिकवले जाते. जमिनीची विद्युतरोधकता मोजून भूजलाचा अंदाज घेण्याचे काम खेड्यातली मुले करू लागली. पाणाड्याच्या काठीची जागा मापनयंत्राने घेतली, ही लहान गोष्ट नव्हे. दहावी नापास म्हणून टाकून दिलेला मुलगा मीटरचा आकडा वाचतो आणि त्यावर मत देतो, तेव्हा हात आणि कारण यांची भेट होते. पाबळच्या कामाचे मला मोल वाटते ते यासाठी.

याच परिसरात आकाशाकडे तोंड केलेल्या मोठ्या तबकड्याही आहेत. १९७१ साली नारायणगावजवळ आर्वीला उपग्रह दळणवळणाचे भूकेंद्र सुरू झाले. पुढे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली खोडदला महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि २००१ साली ती राष्ट्राला अर्पण झाली. विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनात आसपासच्या शाळांची मुले प्रयोग मांडतात. आमच्या वाड्या-वस्त्यांवरची मुले तिथे जातात, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात, याचा मला अभिमान आहे. पण कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचा आवाज जिथे ऐकू येतो, त्याच तालुक्यात बौद्धवाड्याच्या हापशाचा खडखडाट ग्रामपंचायतीला ऐकू येत नाही, हेही तेवढेच खरे आहे. दुर्बिणीचा यात दोष नाही. तिच्या पायथ्याशी कोणते प्रश्न विचारायचे ते आपण ठरवायचे आहे.

म्हणून शिक्षक आणि गटप्रमुख यांच्या शिबिरात मी चार प्रयोगांचा आग्रह धरतो. पहिला हिरड्याचा. शिबिराला येणाऱ्या आदिवासी बाया हिरड्याविषयी आमच्यापेक्षा अधिक जाणतात. एकदा मी विचारले, हिरड्याने तोंड का आवळते? पदवीधर शिक्षक गप्प होते. वाडीवरून आलेली एक ताई म्हणाली, “लाळ धरून ठिवतो ना त्यो, गुरुजी.” टॅनिन आणि प्रथिने यांचा संबंध एका वाक्यात आला होता. तिला फक्त शब्द द्यायचे बाकी होते.

दुसरा प्रयोग तराजूचा. दांडीच्या मधोमध नसलेली दोरी एका पारड्याच्या बाजूने अन्याय करते. पारडी अदलाबदल करून तोच माल पुन्हा तोला. वजन वेगळे आले तर काटा खोटा. तरफेचा हा नियम शाळेच्या पुस्तकात चौकटीत बसलेला असतो. हिरडा विकणाऱ्या बाईच्या हाती तो गेला की व्यापाऱ्याची नजर बदलते.

तिसरा पाण्याचा. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. औषध लावलेली कागदी पट्टी असलेल्या बाटलीत पाणी भरायचे आणि उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचे. विष्ठेतून आलेले जंतू असतील तर पाणी काळे पडते. शाईसारखेच इथेही काळेपण येते ते लोहामुळे. एका गावात सवर्णांच्या उघड्या आडाची बाटली काळी पडली आणि बौद्धवाड्याच्या हापशाची स्वच्छ राहिली. क्षणभर कोणी बोलेना. मी सांगितले, यात पाप-पुण्य नाही. आड उघडा आहे, भोवती गोठे आहेत, हापसा खोल आहे. दुसऱ्या गावात उलटे घडले. बौद्धवाडा ओढ्याच्या खालच्या अंगाला, गावाचे सांडपाणी तिकडेच उतरणारे. तिथली बाटली काळी पडली. वस्ती खालच्या अंगाला का, या प्रश्नाचे उत्तर बाटलीत नव्हते, इतिहासात होते. विज्ञानाने प्रश्न नेमका केला. उत्तरासाठी ग्रामसभेत जावे लागले.

चौथा पावसाचा. सरळ बाजूंची बाटली, वर नरसाळे, शेजारी पट्टी, एवढ्यात पर्जन्यमापक होतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर मिलिमीटर पडला तर एका हेक्टरवर दहा लाख लिटर, म्हणजे हजार टन वजन उतरते. हा हिशेब फळ्यावर मांडला की आंबेगावच्या माणसांच्या डोळ्यांसमोर एकच नाव येते, माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचला आणि ते आदिवासी गाव गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. अतिवृष्टी, उतारावरचे सपाटीकरण, झाडतोड, डोंगराची घडण, कारणांवर पुष्कळ वाद झाले. आदिवासींनीच डोंगर पोखरला असे म्हणणारेही निघाले. उतारावर सर्वांनी मिळून भातखाचरे बांधण्याची ‘पडकई’ ही या भागाची जुनी रीत. हाताने रचलेला बांध आणि यंत्राने कापलेला उतार यांत फरक काय, हे पाहण्याचे कष्ट असे बोलणाऱ्यांनी घेतले नाहीत. बाटलीच्या पर्जन्यमापकाने माळीण वाचले असते, असे मी म्हणणार नाही. पण जमिनीला पडलेल्या नव्या भेगा, अचानक गढूळ झालेला झरा, कललेली झाडे आणि सलग दिवसांच्या पावसाचा आकडा यांची नोंद ज्या वस्तीवर होते, ती वस्ती तहसीलदाराला पुराव्याने हाक मारू शकते. डोंगराखाली झोपणाऱ्या माणसाला ही नोंद ठेवता येणे हा त्याच्या जगण्याचा हक्क आहे.

आता शिबिरांच्या आतल्या जातीविषयी. एका शिबिरात (संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही) टेबलाभोवती माध्यमिक शाळांचे शिक्षक उभे होते. अंगणवाडीच्या ताया आणि बचत गटांच्या प्रमुख मागे सतरंजीवर बसल्या होत्या. प्रयोग पुढच्यांनी केले. परीक्षानळ्या धुवायची वेळ आली तेव्हा मागच्यांना हाक गेली. राय यांनी ग्रंथात जे लिहिले ते त्या खोलीत पुन्हा घडले. कारण पुढे बसले आणि हात मागे. आम्ही काही जणांनी तिथेच हरकत घेतली आणि दुसऱ्या दिवशी रांगा उलट्या झाल्या. ज्याने प्रयोग करायचा त्यानेच नळी धुवायची, ज्याने नळी धुतली त्यानेच निष्कर्ष फळ्यावर लिहायचा, हा नियम तेव्हापासून मी प्रत्येक शिबिरात पहिल्या तासाला सांगतो. वरवर हा नियम शिस्तीचा आहे. मला तो जातिअंताचा वाटतो.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच की विज्ञान-शिबिरे बिगरराजकीय म्हणून सोडून देऊ नका. मोर्च्यात जे मागायचे त्याचा पुरावा तिथे तयार होतो. विद्यार्थ्यांना सांगणे असे की आजोबांच्या हाताला जे ठाऊक होते त्याची लाज बाळगू नका, आणि त्या धंद्यात परत जाण्याचा आग्रहही कोणाकडून ऐकून घेऊ नका. त्यातले कारण तेवढे उचला आणि पुढे जा. शिक्षकांनी आपल्या गावच्या पाण्याच्या बाटल्या, पावसाचे आकडे आणि काट्याची तपासणी यांच्या वह्या घालाव्यात, तारखांसह आणि मुलांच्या हस्ताक्षरात. नाणेघाटच्या भिंतीवर दक्षिणेचे आकडे आहेत. आमच्या वह्यांत पाण्याचे, पावसाचे आणि मजुरीचे आकडे असतील, आणि ते आमच्या मुलांनी मोजलेले असतील.